दृष्टिहीन श्रोते आणि घरातला ऑडिओ : पार्श्वभूमी

ऐकण्याचं यंत्र डोळ्यांवाचून चालवता यावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. एके काळी ती आपोआप पुरी होत होती.

अमेरिकेत अंधांसाठीची बोलकी पुस्तकं १९३० च्या दशकातच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. त्याच वेगाची गाण्यांची एलपी तबकडी बाजारात आली १९४८ मध्ये. पण तो खास यंत्रांचा इतिहास झाला. आपल्याकडे घरोघरी आलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकाच यंत्रात) कुणा अंधासाठी बनवलेला नव्हता, तरी हाताला सगळा कळायचा. प्लेचा खटका दाबला की दबलेलाच राहायचा, रेकॉर्डिंगला दोन खटके एकदम दाबावे लागत. आवाजाचं गोल बटण डावीकडे टोकाला अडायचं, त्यामुळे गाणं लागण्याआधीच आवाज किती ठेवलाय ते बोटांना ठाऊक असे.

ही सोय काढून टाका, असं कुणी ठरवलं नाही. सीडी, रिमोट, होम थिएटर येत गेले तशी ती गळत गेली. गोल बटण राहिलं, पण बऱ्याच यंत्रांत ते आता कितीही फिरतं, आकडा काचेवर उमटतो. अनेक साउंडबारवर एकच बटण दाबत ऑक्स, ऑप्टिकल, ब्लूटूथ अशा जोडण्यांतून फिरायचं. कुठे थांबलोय ते सांगतो रंग बदलणारा एक दिवा. यावर लोकांचा तोडगा म्हणजे मोजणी : मेनू, तीनदा खाली, एकदा उजवीकडे. अपडेट येऊन मेनूचा क्रम बदलला की सगळं पाठांतर वाया.

खरा वाद अ‍ॅपचा. २००९ मध्ये टचस्क्रीन फोन स्क्रीन वाचून दाखवू लागले आणि पुढे ऑडिओ कंपन्यांनी सेटिंग्ज फोनवर नेली. त्यांचा युक्तिवाद असा की फोन बोलतोच, मग स्पीकरने वेगळं कशाला बोलायचं? तो अगदीच पोकळ नाही. बटणांना नीट नावं दिलेलं अ‍ॅप जुन्या कुठल्याही पॅनेलपेक्षा जास्त सांगतं. पण नावं दिलेली नसली तर स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो आणि बासची पट्टी बोटाने हलत नाही. शिवाय अ‍ॅपचा पाठिंबा कंपनी कधीही थांबवू शकते. स्पीकर मात्र पुढेही वर्षानुवर्षं चालायचा असतो. म्हणजे यंत्र विकायचं एकाने आणि सुगम्यतेचं ओझं दुसऱ्याच्या फोनवर टाकायचं, असा हा व्यवहार आहे. बोलून चालणारे स्पीकर भारतात २०१७ मध्ये आले. आवाज कमी-जास्त करायला ते उत्तम, पण इंटरनेट गेलं की बहुतेक मुके.

कायद्यांनीही टीव्हीचीच बाजू आधी धरली. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यामुळे टीव्हीचे मेनू बोलू लागले, पण त्याचा रोख व्हिडिओ दाखवणाऱ्या उपकरणांवर. २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय कायदाही घरच्या करमणुकीच्या उपकरणांबाबत दृक्‌श्राव्य सेवांपाशीच थांबतो, त्यामुळे निव्वळ ऐकण्याचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्हीकडून निसटतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ त्या मानाने ऐसपैस : रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सार्वत्रिक रचनेत, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशी, मिळावीत, यासाठी सरकारने उपाय करायचे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालचा, सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम १५(१) रद्दबातल ठरवला. पण तो नियम मुळात इमारती, बस, संकेतस्थळं यांच्याबद्दलचा होता.

घ्यायच्या आधी दुकानात बटणं चाचपून पाहणं, हीच अजून ग्राहकाची खरी चाचणी आहे. ऑनलाइन खरेदीत तीही होत नाही, कारण बटणं उठावाची की सपाट टचची, हे उत्पादनाच्या माहितीत क्वचितच लिहिलेलं असतं.