माल तयार, पण काठावर पोचत नाही

पावसाळ्यात गोव्यात पोराला जुलाब लागले की घरात पेज शिजते आणि मीठ-साखरेचं पाणी ढवळलं जातं. बहुतेक पोरं त्यावर सावरतात. ती का सावरतात, याचं कोडं जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागमध्ये उलगडलं. आतड्याची पेशी साखर आत ओढते ती सोडियमच्या जोडीनं, आणि त्या दोघांमागून पाणी येतं. पण ही जोडी आत घेणारं प्रथिन पेशीच्या माथ्यावर जागेवरच नसेल, तर ओआरएसची पाकिटं कितीही संपवा, जुलाब थांबत नाहीत.

अशाच पाच अर्भकांची नोंद 1978 मध्ये टोरांटोतल्या जेफ्री डेव्हिडसन, अर्नेस्ट कट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. जन्मापासून पाण्यासारखे जुलाब, तेही तोंडानं काही न देता चालूच. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचे रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बोटांसारखे उंचवटे, खुरटलेले दिसत. तसे ते इतर रोगांतही दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र विचित्र प्रकार दिसला. पेशीच्या माथ्यावर ब्रशच्या केसांसारखे दाट उभे असायचे ते सूक्ष्मांकुर काही पेशींच्या पोटातच, बंद पिशव्यांत दाटले होते. 1989 मध्ये कट्झ यांच्या गटानं या आजाराला ‘मायक्रोव्हिलस इन्क्लूजन डिसीज’ म्हटलं. नाव मिळालं, कारण सापडायला आणखी एकोणीस वर्षं लागली.

आतड्याच्या पेशीला दोन काठ असतात. एक अन्नाकडचा, दुसरा रक्ताकडचा. कुठलं प्रथिन कुठल्या काठाला लागायचं हे ठरलेलं असतं; यालाच पेशीची ध्रुवता म्हणतात. माल मध्ये तयार होतो आणि बारीक पुटिकांत, म्हणजे पेशीतल्या इवल्या पिशव्यांत, भरून निघतो. माथ्याजवळचा शेवटचा टप्पा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवर मायोसिन-5बी हे माल ओढणारं मोटर प्रथिन सांभाळतं. या कुळातली मायोसिनं चक्क दोन पायांवर चालतात, एकेक पाऊल सुमारे 36 नॅनोमीटरचं. रायबंदरहून फेरीबोट सुटलीच नाही, तर चोडणचा माल धक्क्यावर पडून राहणार. इथं तेच होतं.

मला विचाराल तर उत्तराची चाहूल उंदरांच्या रंगातच होती. फिकट केसांच्या ‘डायल्यूट’ उंदरांत बिघडलेलं जनुक याच कुळातलं, मायोसिन-5ए चं, हे 1991 मध्ये कळलं. रंग बनत होता, पण पेशीच्या टोकापर्यंत जात नव्हता. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी राब-8 हे वाहतुकीचं प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यात तशाच पिशव्या पाहिल्या. संशय वाहतुकीवर गेला तो बरोबर, पण माणसातला गुन्हेगार दुसराच निघाला. 2008 मध्ये इन्सब्रुकच्या गटानं रुग्णांच्या MYO5B, म्हणजे मायोसिन-5बी च्याच जनुकात बिघाड दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नावाहो जमातीच्या बाळांतही हेच जनुक बिघडलेलं सापडलं. तिथं सगळ्यांत बदल एकच, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेला. 2010 मध्ये प्रयोगशाळेतल्या आतड्याच्या पेशींत हे जनुक मुद्दाम दाबलं, तर त्याही तशाच गोंधळल्या.

मायोसिन-5बी हे राब-8 आणि त्याच्याच कुळातलं राब-11 यांना धरून चालतं. ती पकड सुटली की सोडियम घेणारी प्रथिनं माथ्यावर पोचत नाहीत, पण क्लोराइड बाहेर सोडणारा मार्ग तिथं शिल्लक राहतो. शोषण बंद, गळती चालू. 2014 मध्ये सिंटॅक्सिन-3 या, पुटिका काठाशी जोडणाऱ्या प्रथिनाच्या बिघाडातूनही सौम्य रूपातला असाच आजार होतो हे दिसलं. इथं बोट धक्क्याला लागते, पण माल उतरत नाही.

अशा बाळाला पेज कामाची नाही. त्याचं सगळं पोषण शिरेतून द्यावं लागतं, काहींच्या बाबतीत आतड्याचं प्रत्यारोपण होतं. आणि 2017 मध्ये याच जनुकात दोष असलेली, पण जुलाबाचा त्रास नसलेली मुलं समोर आली. त्यांच्या यकृतात पित्त बाहेर टाकणारा पंप आपल्या काठाला लागत नव्हता; तक्रार होती ती कावीळ आणि अंगभर खाज यांची.