नौका शाकारणी

पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर किंवा खाडीत ओढून घेतलेल्या मासेमारी नौकेवर झापांचे (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचे), ताडपत्रीचे किंवा प्लॅस्टिक कागदाचे छप्पर घालणे आणि हंगाम उघडेपर्यंत ते धड राखणे, याला नौका शाकारणी म्हणतात. कोकणात पावसाआधी घर शाकारायचे तसे नौकाही शाकारायची, ही जुनी रीत आहे. छप्पर घालायला एखादा दिवस पुरतो. खरे काम असते ते पुढचे दोन महिने त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिना सरता सरता हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, सातपाटी अशा बंदरांत एकच लगबग चालते. उधाणाच्या भरतीला नौका वर घेतात, दोन्ही अंगांना टेकू देतात, जाळी आणि दोर उतरवतात. झाकण्याआधी नौका घासून धुणे, तळातले पाणी उपसणे आणि तिला उन्हे दाखवणे आवश्यक असते. ओली नौका झाकली तर आतला दमट वास ऑगस्टपर्यंत जात नाही. मात्र लाकडी नौका मेच्या उन्हात फार दिवस उघडी ठेवणेही वाईट. फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात.

लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी अधिक घातक ठरते. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. गोडे पाणी तळात साचून राहिले की तिला हवे ते सगळे मिळते. कूज सहसा बाहेरून दिसणाऱ्या फळीवर सुरू होत नाही. आतली लाकडे जिथे एकमेकांना टेकतात त्या बेचक्यांत, खिळ्यांच्या भोवती ती आधी धरते. फायबरच्या नौका कुजत नसल्या तरी त्यांनाही आच्छादन लागते, कारण उन्हाने त्यांचा वरचा थर भुरकट होतो आणि साचलेल्या पाण्याचा भार टेकूंवर येतो. तळाला बूच असेल तर नौका वर असेपर्यंत ते काढून ठेवावे.

आच्छादनाचा सांगाडा घराच्या आढ्यासारखा असतो. नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध एक लांब बांबू किंवा वासा उंचावर बांधतात आणि दोन्ही बाजूंना उतार देतात. उताराच्या बाबतीत कंजुषी करू नये. १० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद ताडपत्रीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण ३,००० लिटर, म्हणजे तीन टन पाणी पडते. कोकणात जून-जुलैत असा दिवस नवलाचा नाही. त्यातले थोडे पाणी जरी एका खोलगट जागी अडले तरी कापड ताणते, खड्डा मोठा होतो, त्यात आणखी पाणी भरते आणि शेवटी बांबू मोडतो किंवा कापड फाटते. म्हणून मोठी सर ओसरली की फेरी मारून असे फुगे आतून हाताने किंवा बोथट काठीने वर ढकलून रिकामे करतात.

दुसरी बाब हवेची. चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलेली नौका सुरक्षित दिसते, पण आत ओल कोंडते, कागदाच्या आतल्या बाजूला दव धरते आणि तेच थेंब पुन्हा फळ्यांवर पडतात. त्यामुळे नाळ आणि मागची बाजू इथे आडोसा ठेवून वारा खेळता राहील एवढी फट ठेवावी. विणलेल्या नारळाच्या झापांचा मोठा गुण हाच होता: पाणी छपराच्या उतारावरून ओघळून जाई आणि हवा आतबाहेर खेळे. झाप मात्र दरवर्षी नवे लागतात, विणणारे हातही कमी झाले आहेत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची ताडपत्री दिसते. काहीजण तिच्या खाली किंवा वर झावळ्या अंथरतात. हा मेळ उत्तम आहे, कारण वर अंथरलेल्या झावळ्यांमुळे ताडपत्रीला थेट ऊन लागत नाही.

ताडपत्री बहुधा मधोमध फाटत नाही. नौकेच्या काठाचा कोपरा, बांबूचे टोक, खिळ्याचे डोके अशा जागी वाऱ्याने ती सतत घासत राहते आणि तिथे भोक पडते. या जागांवर आधीच जुन्या जाळ्याची गुंडाळी किंवा टायरचा तुकडा बांधावा. कडीच्या भोकाशी कापड फाटू लागलेले दिसले की लगेच शिवावे. एक कडी सुटली की तिचा ताण शेजारच्या कडीवर येतो. दोरीचा स्वभावही ओळखावा लागतो. सुंभ, म्हणजे काथ्याचा दोर, भिजला की आकसतो, म्हणून तो किंचित सैल बांधतात. नायलॉन भिजल्यावर सैलावतो, त्यामुळे पहिल्या पावसानंतर पुन्हा आवळावा लागतो. शाकारणीच्या सुमारास वादळेही येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. वादळाच्या इशाऱ्यानंतर जादा दोर टेकूंना न बांधता जमिनीत ठोकलेल्या खुंटांना बांधावेत, नाहीतर कापडाबरोबर टेकूही हलतो.

मालवण भागात रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्यांसाठी किनाऱ्यालगत झावळ्यांचे मांगर, म्हणजे मांडवासारखे निवारे, उभारतात. तिथे वेगळी शाकारणी लागत नाही.

हंगाम उघडताना आच्छादन एकदम ओढून काढू नये. उघडीप पाहून आधी बाजू वर कराव्यात, आत वारा फिरू द्यावा आणि मग छप्पर उतरवावे. ताडपत्री गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवावी. हट्टी डागाला साधा साबण पुरतो. ब्लीचिंग पावडर आणि गरम पाण्याने पाणी अडवणारा थर खराब होतो. दोन्ही बाजू पूर्ण सुकल्यावरच घडी घालावी. घडी दरवर्षी त्याच रेषेवर पडू नये, कारण तिथेच पहिली चीर जाते. ताडपत्री डिझेलपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावी. मासळीचा वास राहिलेली ताडपत्री उंदीर हमखास कुरतडतात.