पट्टे दिसले म्हणून लगेच टायगर मस्की म्हणू नका

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात इतकी वर्षं मस्कीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या शिकारी माशाच्या, मागे फिरतोय, आणि एक गोष्ट सारखी दिसते, जाळीत पट्टेवाला मासा आला रे आला की बोटीतला कोणीतरी ओरडतोच, 'टायगर आहे!' बहुतेक वेळा तो संकरित टायगर मस्की नसतो, साधा मस्कीच असतो, फक्त अंगावर पट्टे असलेला.

मस्की एकच जात, पण रंग तीन तऱ्हेचे: ठिपकेवाला, पट्टेवाला आणि जवळजवळ कोरा. पूर्वी शास्त्रज्ञांनी यावरून उपजातीसुद्धा पाडल्या होत्या, पण एकाच तळ्यात सगळे रंग सापडायला लागल्यावर ते टिकलं नाही. अमेरिका-कॅनडाच्या हद्दीवरच्या लेक सेंट क्लेअरमध्ये ठिपकेवाले आणि पट्टेवाले दोन्ही मिळतात. शिवाय गढूळ, चहासारख्या पाण्यातला मासा काळपट होतो आणि नितळ पाण्यातला फिकट, त्यामुळे नुसत्या रंगावरून स्ट्रेन (एकाच जातीतला वाण) सांगणं म्हणजे अंदाजपंचे. स्ट्रेनचा फरक वाढीत दिसतो. मिनेसोटातल्या तळ्यांत आधी शूपॅक लेकचा स्ट्रेन सोडायचे, तो हळू वाढायचा आणि लहानच राहायचा, म्हणून 1980च्या दशकात लीच लेकचा स्ट्रेन घेतला, आज इथे जे मोठे मासे मिळतात त्याचं बरंचसं श्रेय त्या निर्णयाला आहे.

टायगरचं प्रकरण वेगळंच. तो मस्की आणि त्याच्याच कुळातल्या नॉर्दर्न पाइक माशाचा संकर, घोडा-गाढवाच्या खेचरासारखा, आणि खेचरासारखाच वांझ. लहानपणी भराभर वाढतो, पण पुढची पिढी नाही. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) बनवून सोडतात, पाइक आणि मस्की एकाच तळ्यात असले तर क्वचित आपोआपही होतो. टायगरचा विश्वविक्रम 51 पाउंड 3 औंसांचा, 1919चा, विस्कॉन्सिन-मिशिगनच्या हद्दीवरच्या लाक व्यू डेझर्टमधला.

आता ओळखायचं कसं? आधी शेपटी बघा. मासा पाण्यातच धरून शेपटी पसरू द्या, मस्कीची दोन्ही टोकं अणकुचीदार असतात, टायगरची गोलसर, जणू कोणी कात्रीने कोपरे कापलेत. इतर परांचंही तसंच. मग पट्टे: टायगरचे ठळक, वेडेवाकडे, जवळजवळ, मध्येच तुटून ठिपके झालेले, फिकट अंगावर उठून दिसणारे. पट्टेवाल्या मस्कीचे पट्टे त्यामानाने पुसट. जबड्याखालची छिद्रं मोजायची सवय चांगली आहे, पण ती पाइक ओळखायला, एका बाजूला 5 किंवा कमी तर पाइक, 6 ते 9 तर मस्की. टायगर दोघांच्या मधे कुठेही बसतो, त्यामुळे तिथे छिद्रांवर भरवसा ठेवू नका.

एवढा आग्रह का, तर मिनेसोटात मस्की ठेवायचा असेल तर किमान 54 इंच लागतो, आणि ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस आणि सेंट पॉल) आसपासच्या सात काउंटींतल्या तळ्यांवर टायगरला 40. म्हणजे 45 इंची पट्टेवाली मस्की टायगर समजून ठेवली तर नियम तर मोडलाच, वर अजून कितीतरी वर्षं अंडी घालणारी मादी आपण तळ्यातून कायमची काढली. आम्ही तर शेपटीबद्दल जरा जरी शंका असली तरी मासा बोटीत घेतच नाही, पाण्यातच हुक काढतो आणि सोडून देतो.