मोक्काच्या मागे-पुढे : नाशिकमधून दिसणारा टोळ्यांचा इतिहास

नाशिकमध्ये एखाद्या टोळीवर ‘मोक्का’, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लागला की ती बातमी होते. हा कायदा 1999 चा असला, तरी टोळीत असणे हाच गुन्हा मानण्याची पद्धत फार जुनी आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने 1836 मध्ये केलेल्या कायद्यात ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध होणे जन्मठेपेसाठी पुरेसे होते. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच तत्त्व संपूर्ण जमातींवर लादले आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याचा तो अन्याय 1952 पर्यंत चालला.

मुंबईतल्या टोळ्या मात्र बंदीच्या जिवावर पोसल्या गेल्या. 1949 च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला गिऱ्हाईक मिळाले आणि साठच्या दशकातील सुवर्ण नियंत्रणाने तस्करीला. सोन्यावरचे ते नियंत्रण 1990 मध्ये उठले, पण तोवर उभी राहिलेली माणसे आणि दहशत घरी बसणार नव्हती. त्यांनी खंडणी आणि जमिनींच्या व्यवहारांत शिरकाव केला. बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपट निर्माते यांच्याकडून होणारी वसुली व त्यातून पडणारे खून यांना आवर घालण्यासाठी मोक्का आला.

नाशिकचा संबंध आला तो वेगळ्याच अंगाने. मुद्रांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या सरकारी भारत प्रतिभूती मुद्रणालयातील जुनी यंत्रे लिलावात निघाली आणि ती बनावट मुद्रांक घोटाळ्याचा सूत्रधार अब्दुल करीम तेलगी याच्या हाती लागली. मुद्रांक छापणारे यंत्र पुन्हा कधीही छापू शकणार नाही अशा अवस्थेतच आवाराबाहेर पडायला हवे, एवढी साधी दक्षता येथे तोकडी पडली. तेलगीकडे मुद्रांक विक्रीचा परवाना होता, त्याचे दलाल होते आणि बँका, विमा कंपन्या हे त्याचे गिऱ्हाईक होते. पिस्तुलाची गरज कुठेच नव्हती. तरीही त्याला मोक्का लागू शकला, कारण कायद्याच्या व्याख्येत हिंसा व धाकदपटशा यांच्या जोडीला ‘अन्य बेकायदेशीर मार्ग’ हे शब्द आहेत. 2001 मध्ये अटक झालेल्या तेलगीला पुढे 30 वर्षांची शिक्षा आणि 202 कोटी रुपयांचा दंड झाला. त्याला साथ देणाऱ्यांत सरकारी यंत्रणेतील माणसेही असल्याचे तपासात पुढे आले, हा भाग माझ्या मते रकमेहून गंभीर आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, म्हणजे बोलीभाषेतील एमडीचा, मोठा साठा पकडला. बाहेरून पाहणाऱ्याला तो औद्योगिक वसाहतीलगतचा आणखी एक गाळा वाटावा. अशा धंद्याला गाळा, वीजजोडणी, रसायनांचा पुरवठा आणि वाहतूक लागते, आणि यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे कायदेशीर असते. याउलट मोक्का, तसेच 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे संघटित गुन्हेगारीविषयीचे कलम 111, मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकापेक्षा अधिक आरोपपत्रे दाखल असण्याची अट घालतात. जुन्या, पोलिसांना माहीत असलेल्या टोळीला ही अट सहज लागू पडते. नव्याने जमलेल्या आणि पूर्वीचा एकही गुन्हा नोंद नसलेल्या रसायनतज्ज्ञ, पुरवठादार व गाळामालकांच्या साखळीला ती लागू पडत नाही.