जर्मनीत गाडी रिमॅप करताय? आधी कागद, मग पॉवर

डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणारं तोंड) लॅपटॉप जोडला की बहुतेक गाड्यांचं काम तासा-दोन तासांत उरकतं. टर्बोचा दाब आणि इंधनाचं प्रमाण ठरवणारे ईसीयूतले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, आकडे बदलतात (हेच रिमॅप) आणि १५० पीएसची (मेट्रिक हॉर्सपॉवर) दोन लिटर टर्बो डिझेल १८० च्या पुढे जाते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत मात्र फारसं हाती लागत नाही, तिथे पैसे घालवू नका.

खरं काम कागदांचं. नोंद न करता अशी गाडी चालवली तर तिची 'बेट्रीब्सएरलाउबनिस', म्हणजे रस्त्यावर चालवण्याची मूळ मान्यता, रद्द होऊ शकते.

म्हणून ट्यूनरला किंमत विचारण्याआधी 'टाइलेगुटाख्टेन' (त्या बदलाबद्दलचा तज्ज्ञांचा अहवाल) किंवा तत्सम मान्यतापत्र मागा, आणि पैसे देण्याआधी ते स्वतः वाचा. "सगळ्या टीडीआयला (फोक्सवॅगन समूहाच्या टर्बो डिझेल गाड्यांना) चालतं" या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही. तुमच्या 'त्सुलासुंग्सबेशाइनिगुंग'च्या पहिल्या भागात (आपल्याकडच्या आरसीसारखा कागद) रकाना 'के'मध्ये जो टाइप-मान्यता क्रमांक आहे, तोच मान्यतापत्राच्या यादीत हवा. एक अंक चुकला तरी परीक्षक परत पाठवतो. ते पत्र आजही ग्राह्य आहे का, हेही तपासणी केंद्राला फोन करून विचारा. पत्रच नसेल तर जर्मन वाहन नियमावलीच्या (एसटीव्हीझेडओ) कलम २१ खाली एकट्या गाडीची मान्यता घेता येते, पण धूर, आवाज आणि पॉवरचे पुरावे तुम्हालाच उभे करावे लागतात. एका गाडीसाठी तो खर्च सहसा परवडत नाही.

गाडी लीजवर असेल तर कंपनीची लेखी संमती आधी घ्या. कर्जावर असेल तर 'त्सुलासुंग्सबेशाइनिगुंग'चा दुसरा भाग बहुधा बँकेकडे असतो. नोंदणी कार्यालयाने तो मागितला तर बँकेकडून मागवण्यात दिवस जातात.

रिमॅप झाल्यावर विनाविलंब ट्यूफ, डेक्रा, जीटीयू किंवा क्यूस या वाहन तपासणी संस्थांच्या केंद्रात जाऊन बदलाची तपासणी करून घ्यायची. वेग वाढला असेल तर टायरवरचं अक्षरही बघतात: एच ताशी २१० किमीपर्यंत, व्ही २४० पर्यंत. तिथला दाखला घेऊन लगेच नोंदणी कार्यालयात जा, कारण पॉवरमधला बदल पुढच्या भेटीपर्यंत लांबवता येत नाही. सोबत गाडीचे कागद आणि मुख्य तपासणीचा (गाडीची ठराविक काळाने होणारी सक्तीची तपासणी) ताजा अहवाल ठेवा. आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी 'मेल्डेबेशाइनिगुंग' (जर्मनीतल्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला) विसरू नये. जर्मन ओळखपत्रावर पत्ता छापलेला असतो, आपल्या पासपोर्टवरचा पत्ता पुण्याचा किंवा नाशिकचा.

विमा कंपनीला आधीच लेखी कळवा. हप्ता वाढू शकतो, पण लपवलं तर अपघातानंतर भरपाईवरून कटकट ठरलेली. वाहनकर मात्र नुसत्या पॉवरमुळे वाढत नाही, तो इंजिनाच्या सीसीवर आणि कार्बन डायऑक्साइडवर ठरतो.

नवा कागद हातात पडला की खिडकीसमोरच रकाना पी.२ वाचा. तिथे पॉवर पीएसमध्ये नाही, किलोवॉटमध्ये असते: १५० पीएस म्हणजे ११०. आकडा जुनाच दिसला तर तिथून हलू नका.