चिप शाबूत, फोटो मात्र गेले

फोनची काच फुटली, चार्जिंग पिन सैल झाली किंवा बॅटरी फुगली की दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डेटा जाणार नाही ना?" पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, उत्तरही ठरलेलं: "छे हो, डिस्प्लेचा आणि डेटाचा काय संबंध?" बहुतेक वेळा ते खरंच असतं. फोटो, मेसेज, नंबर हे सगळं मदरबोर्डवरच्या, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, नखाएवढ्या मेमरी चिपमध्ये राहतं. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा हे भाग पट्ट्यांनी बोर्डाला जोडलेले असतात. ते काढले-बसवले तरी चिपला काही होत नाही.

पण 'बहुतेक वेळा' हे शब्द महत्त्वाचे. हल्लीचे फोन गोंदाने बंद केलेले असतात, ते तापवून उघडावे लागतात. बॅटरीची पट्टी आधी न काढता डिस्प्लेच्या कनेक्टरला हात घातला, तर शॉर्ट होऊन चांगला चालणारा बोर्ड निकामी होऊ शकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये तर अनेकदा बोर्ड दुरुस्त न करता थेट बदलतात. फोन देताना आपण ज्या जॉबशीटवर (दुरुस्तीच्या कागदावर) न वाचता सही करतो, तिच्यात डेटाची जबाबदारी ग्राहकाची असं सहसा लिहिलेलं असतं. बोर्ड बदलला की जुन्या बोर्डावरची चिप गेली, आणि तिच्यासोबत डेटाही.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. बोर्ड मेला तरी डेटा पुसला जात नाही. फोनमधली साठवण ही फ्लॅश मेमरी असते. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली, आणि आज फोनमध्ये वापरतात तो तिचा 'नँड' प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. या चिपमधल्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असतो. कप्प्यात विद्युतभार किती आहे, यावरून माहिती ओळखली जाते. एका कप्प्यात तीन बिट (शून्य किंवा एक असे तीन आकडे) साठवायचे तर भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. वीज गेली तरी हे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. म्हणजे डेड फोनमध्ये तुमचे फोटो जसेच्या तसे असतात. फक्त ते वाचता येत नाहीत.

पूर्वी यावर उपाय होता. हॉट एअर गनने चिप उचलायची, रीडरवर बसवायची आणि फोटो संगणकावर उतरवून घ्यायचे. आता तसं केलं तर हाती येतो नुसता अर्थहीन आकड्यांचा ढीग, कारण चिपमध्ये डेटा लिहिला जातानाच तो कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होतो, किल्लीशिवाय वाचता येत नाही. आयफोनमध्ये अशी यंत्रणा २००९ च्या थ्रीजीएस मॉडेलपासून आली. अँड्रॉइडवर २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या फोनला ती सक्तीची झाली.

या कूटलेखनाची किल्ली कुठे असते, यात सगळी गोम आहे. बँकेचा लॉकर आठवा. तो उघडायला तुमची किल्ली लागते आणि बँकेचीही. फोनमध्ये तुमची किल्ली म्हणजे स्क्रीन उघडायचा पिन. दुसरी किल्ली प्रोसेसरच्या, म्हणजे फोन चालवणाऱ्या मुख्य चिपच्या, आत कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते आणि बाहेर वाचता येत नाही, खुद्द बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. दोन्ही मिळून खरी किल्ली तयार होते. चार अंकी पिनच्या शक्यता फक्त १०,०००. पण २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते. म्हणून मेमरी चिप एकटीच काढून नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे किती पक्कं आहे, ते २०१६ मध्ये दिसलं. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो इथल्या हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडण्यावरून एफबीआय आणि ॲपल यांच्यात मोठा वाद झाला. पुढे केंब्रिजमधले संशोधक सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी त्याच मॉडेलच्या फोनमधली मेमरी चिप काढून तिच्या नकला केल्या. त्यामुळे पिन फार वेळा चुकला की फोनला अडवायला लावणारी नोंद पुन:पुन्हा पुसता आली. पण पिन घालून बघायला त्यांना प्रत्येक वेळी तोच फोन लागला, कारण दुसरी किल्ली त्याच्याच प्रोसेसरमध्ये होती.

आज कसबी टेक्निशियन डेड बोर्डावरचा प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही काढून तशाच दुसऱ्या बोर्डावर बसवतात. जमलं तर डेटा मिळतो. पण हे काम नाजूक आणि महाग आहे, आणि प्रोसेसरच जळला असेल तर तोही मार्ग बंद. चोरापासून तुमचे फोटो वाचवणारं कुलूप अशा वेळी तुम्हालाच आत येऊ देत नाही. ही सुरक्षितता मला पटते. मात्र तिची किंमत आपण बॅकअप घेऊन चुकती करायची असते, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

फोन लोगोवर अडकला की दुकानात म्हणतात, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." म्हणजे फोनची प्रणाली नव्याने टाकायची, आणि त्यात फोन कोरा, म्हणजे फॅक्टरी रिसेट, होऊ शकतो. अशा वेळी खास विचारा, डेटा राहणार की जाणार? फॅक्टरी रिसेट झाला की फोन किल्लीच फेकून देतो. मग चिपवर काही उरलं असलं तरी ते कुणालाही वाचता येत नाही.

आता बॅकअपबद्दल. 'माझं सगळं गुगलवर आहे' असं अनेकांना वाटतं. एकदा तपासून बघा. गुगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचे फोटो चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. घरातल्या लग्नाचे निम्मे फोटो नेमके तिथेच असतात! फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि ती सूचना आपण सवयीने बाजूला सारतो. शिवाय गुगल फोटोजमध्ये असलेला फोटो ही स्वतंत्र प्रत नव्हे. फोनवरच्या गुगल फोटोज ॲपमधून डिलीट केलात तर तिथूनही जातो, फार तर ६० दिवस कचरापेटीत राहतो. म्हणून दुरुस्तीआधी केबल लावून फोटोंचे फोल्डर संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. काहीही केलंत तरी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर खातं उघडून कालचा फोटो तिथे दिसतो का, ते बघा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप फोन सोडण्याआधी हाताने घ्या. २०२१ पासून त्यालाही पासवर्ड लावता येतो. तो विसरलात तर कंपनीही मदत करू शकत नाही. ओटीपीचे आकडे तयार करणारी ऑथेंटिकेटर ॲप्स बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. ज्या गुप्त किल्लीवरून ते आकडे बनतात, ती फोनमध्ये असते. सिंक (खात्यावर प्रत ठेवणं) चालू नसेल तर ती फोनबरोबर जाते आणि खात्यात शिरायची पंचाईत होते. यूपीआयची चिंता मात्र नको: पैसे बँकेत असतात, नव्या फोनमध्ये तेच सिम घालून पुन्हा नोंदणी होते.

स्क्रीन काळी पडली असेल तर? केबल लावून भागत नाही, कारण अँड्रॉइड फोन आधी फक्त चार्ज होतो आणि 'फाइल ट्रान्सफर'ची परवानगी पडद्यावरच द्यावी लागते. चित्र दिसतंय पण टच चालत नाही, असं असेल तर ओटीजीला (फोनला यूएसबी वस्तू जोडायच्या अडॅप्टरला) साधा माउस जोडा. बाणाने पिन टाकता येतो. फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. टच मरत चाललाय असं दिसताच डेटा काढून घ्यावा. भिजलेला फोन मात्र चार्जरला लावू नका. ओलाव्यातून वीज वाहिली की बोर्ड गंजतो.

शेवटी पिन. "चेक करायला लागेल" म्हणून दुकानदार तो मागतो, आणि आपण बिलावर लिहूनही देतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप १६ दुकानांत दुरुस्तीला दिले. ६ ठिकाणी खाजगी फायली उघडल्या गेल्या, त्यांतल्या दोघांनी त्यांच्या प्रतीही काढल्या. सॅमसंगने २०२२ मध्ये 'मेंटेनन्स मोड' आणला, गुगलने २०२३ च्या अखेरीस पिक्सेलवर 'रिपेअर मोड' दिला. त्यात टेक्निशियनला फोन तपासता येतो, पण तुमचा डेटा दिसत नाही, आणि बाहेर पडायला तुमचाच पिन लागतो. हा मोड दुरुस्तीआधी चालू करावा लागतो, म्हणजे पडदा चालायला हवा. ही सोय नसेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. टच आणि कॅमेरा दुकानातच स्वतः उभं राहून तपासा. नुसती बॅटरी बदलायला पिन लागत नाही.