हसायला काय पैसे पडतेत का? : एका हुकमाची पार्श्वभूमी

संध्याकाळी सहाची वेळ. सोलापूरच्या पार्क चौकात बसची वाट बघत एक बाई उभी आहे. दिवसभराची ड्युटी झालीय, हातात भाजीची पिशवी आहे आणि डोक्यात घरी कणीक किती उरलीय त्याचा हिशेब चाललाय. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. सिग्नलला थांबलेला गाडीवरचा माणूस मान वळवून म्हणतो, "ओ मॅडम, हसा की जरा! हसायला काय पैसे पडतेत का?" सिग्नल सुटतो, तो निघून जातो. बाई पुढची दहा मिनिटं आपल्या चेहऱ्याचं काय चुकलं ते चाचपत राहते. ती बाई मी होते. पण हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की आता ते माझ्या एकटीचं वाटत नाही.

याची मुळं शोधायला गेलं की आधी भाषाच आडवी येते. मराठीत बोलताना हसणं एकच. खो खो हसणंही हसणं आणि ओठ जरासे हलवणंही हसणंच. 'स्मित' पुस्तकात राहिलं, 'मंदहास' कवितेत. आमच्या गावात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या दोन भाषांचंही तसंच आहे. तेलुगूत 'नव्वु' आणि कन्नडात 'नगु' म्हणजे हसणं, लहान काय नि मोठं काय. पण तेलुगूत 'चिरुनव्वु', म्हणजे छोटं हसू, हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, आणि कन्नडात 'मुगुळ्नगे' आहे, म्हणजे कळीसारखं हसू. मराठीला त्या जागी 'गालातल्या गालात' एवढं लांबण लावावं लागतं. ती पोकळी अखेर इंग्रजीतल्या 'स्माइल'नं भरली. हा शब्द घरात आणला फोटो स्टुडिओनं. काळ्या कापडाआडून आलेलं 'स्माइल प्लीज' आधी लग्नाच्या फोटोत शिरलं आणि तिथून रस्त्यावर उतरलं. आज कॉलेजसमोर 'स्माइल दे ना' ऐकू येतं, ते मूळचं फोटोग्राफरचं वाक्य. फोटोग्राफरला निदान आपण स्वतःहून पैसे देऊन सांगितलेलं असतं, की माझ्याकडे बघ.

याहून मोठी अडचण शांत चेहऱ्याच्या नावाची. काहीच भाव नसलेल्या, नुसत्या असलेल्या चेहऱ्याला मराठीत साधा, रोजचा शब्द नाही. जे आहेत ते सगळे दोष सांगणारे: तोंड पाडलेलं, तोंड फुगवलेलं, सुतकी, आंबट, एरंडेल प्याल्यासारखं. 'निर्विकार' आहे, पण तो साधुसंतांसाठी. आणि हे दोषही सगळ्यांना सारखे वाटून दिलेले नाहीत. तोच चेहरा पुरुषाचा असला तर 'धीरगंभीर', 'विचारी', फार तर 'कमी बोलणारा'. बाईचा असला तर 'घुमी', 'शिष्ट', 'आखडू', 'खडूस'. 'हसतमुख' या शब्दाचा वापर बघा. पुरुषाला तो निवृत्तीच्या सत्कारात नाहीतर शोकसभेत मिळतो, आयुष्य संपत आल्यावरची शाबासकी म्हणून. मुलीला तो 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत 'गृहकृत्यदक्ष'च्या शेजारी लागतो, आयुष्य सुरू होण्याआधीची अट म्हणून. इंग्रजीतही अशा चेहऱ्याचं 'रेस्टिंग बिच फेस' हे नाव गाजलं ते अगदी अलीकडे, २०१३ साली एका विनोदी व्हिडिओतून, आणि तीही बाईला दिलेली शिवीच. शब्द नसला की माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. "मी रागावले नाहीये" असं सांगावं लागतं. "माझा चेहरा असाच आहे" एवढं पुरत नाही.

जुन्या काळात हुकूम उलटा होता, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या आज्यांना कुणी हस म्हणत नव्हतं. त्यांना सांगायचे, मुलीच्या जातीनं असं खिदळू नये, दात काय काढतेस, फिदीफिदी काय चाललंय. 'हसली की फसली' हे तर पोरांच्या तोंडी आजही आहे. हसणं म्हणजे होकार, हा अर्थ बाईच्या हसण्यावर इतका घट्ट चिकटलेला, की तोंड मिटून ठेवणं हीच तिची सुरक्षितता. मग रस्त्यावरचा अनोळखी माणूस 'हस' म्हणतो तेव्हा तो नेमकं काय मागत असतो? ज्याला इथं आजवर होकार म्हटलं गेलं, तेच. म्हणून "साधं हसायलाच तर सांगितलं" ही सफाई मला पटत नाही. आधीचा हुकूम घरातला होता, आताचा रस्त्यावरचा आहे. चेहरा बाईचा आणि त्यावरचा ताबा दुसऱ्याचा, एवढं मात्र दोन्हींत सारखंच.

गिरण्यांच्या काळाबद्दल थोडंच सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी मिल उभी राहिली आणि गाव भोंग्यावर चालू लागलं. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचं मात्र मी जवळून पाहिलंय. शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान कातरायचं, तंबाखू भरायची, धागा गुंडाळायचा, आणि हे सगळं मान वर न करता. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काही नसायचं. कुणी अपेक्षाही करत नव्हतं. विड्या घेऊन कारखान्यात निघाल्या की उंबऱ्यावरच तोंड हसरं करायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "तपासणाऱ्यासमोर तोंड पाडून गेलं की छाट जास्त निघते गं." छाट म्हणजे नापास केलेल्या विड्या, ज्यांची मजुरी मिळत नाही. हसायला पैसे पडत नाहीत म्हणणाऱ्यांना अक्कांचं हे गणित ठाऊक नाही.

हेच गणित पुढे पगारी झालं. १९८३ साली अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून मांडलं, की हसू हा त्या कामाचा भाग आहे आणि त्याचा थकवा खरा असतो. १९९१ नंतर आपल्याकडे दुकानांची शोरूम झाली, काउंटरवर मुली आल्या आणि 'कस्टमरकडे बघून स्माइल' ही सूचना आली. नवी पेठेत दिवसभर पगारापोटी हसलेली मुलगी बाहेर पडून चेहरा सैल सोडते, आणि नेमकी तेव्हाच तिला हटकलं जातं. दिवसभर काउंटरवर फुकट मिळालेलं हसू लोकांना हक्काचं वाटायला लागलंय.

अभ्यासही या बाजूनं बोलतात. २००३ साली जुने बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की बायका पुरुषांपेक्षा जास्त हसतात, पण दोघं एकाच भूमिकेत असले की हा फरक कमी होतो. २००७ सालच्या प्रयोगांत दिसलं, की लोक रागीट चेहऱ्याला पटकन पुरुष समजतात आणि हसऱ्याला बाई. म्हणजे न हसणारी बाई बघणाऱ्याच्या मनातल्या साच्यात बसत नाही. २०१२ पासून अमेरिकेत एका चित्रकर्तीनं रस्त्यावरच्या बायकांची न हसणारी चित्रं काढून, 'बायकांना हसायला सांगणं थांबवा' अशी वाक्यं घालून ती भिंतींवर चिकटवायला सुरुवात केली. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार बाईंनी पक्षातल्या उमेदवारीच्या लढतीत मोठा विजय मिळवला, त्या रात्रीही टीव्हीवरच्या एका निवेदकानं त्यांना हसायला सांगितलंच.

आपल्या कायद्यात या वाक्याची नेमकी जागा सापडत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं लैंगिक शेरेबाजी आणि पाठलाग हे वेगळे गुन्हे झाले. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७५ आणि ७८ मध्ये आहेत, आणि शब्दांनी वा हावभावांनी विनयभंग करणं कलम ७९ मध्ये. 'हसा की' यात लैंगिक शब्द नाही, एकदाच म्हटलं तर पाठलागही नाही. बस स्टॉपवर साध्या वेशात महिला पोलीस नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या नोव्हेंबरात सांगितलं होतं, पण अशी पोलीस शेजारी उभी असली तरी तिनं लिहून काय घ्यायचं?

मधल्या काळात, २०२० मध्ये, मास्क आला. काउंटरवरच्या एका मुलीनं तेव्हा मला सांगितलं होतं, की दिवसभर गाल दुखत नाहीत आता. मास्क गेला, पण आमच्याकडच्या मुलींचा स्टोल होताच. सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर जातं, म्हणून स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा बांधतात. माझी भाची बांधते. परवा डिसेंबरात, संध्याकाळी, सात रस्त्याला ती भेटली तेव्हाही बांधलेलाच होता. "ऊन कुठंय आता?" म्हटलं. "असू दे गं मावशी," म्हणाली, आणि गाठ थोडी घट्ट केली.